माजघरातून मैफलीकडे

गेल्या वर्षीच्या वर्धापनदिनाला आपल्या मंडळात गाण्याची बैठक झाली, ती बहुतेक भगिनींना आठवत असेल. सभागृह भरले होते; सतरंज्या कमी पडल्या म्हणून शेजारच्या घरांतून चटया आणाव्या लागल्या. गाणाऱ्या बाई वयाने तरुण, पण तयारीच्या होत्या. सात वाजता सुरू झालेला पूरियाधनाश्रीचा ख्याल चांगला रंगात आला आणि घड्याळात साडेआठ झाले. मग एकेक जण उठू लागली. कोणाच्या यजमानांच्या औषधाची वेळ झाली होती, कोणाच्या पोळ्या व्हावयाच्या होत्या, कोणाचा नातू आजीवाचून जेवत नव्हता. शेवटी भैरवीचे स्वर लागले तेव्हा सभागृहात आम्ही सतराजणी उरलो होतो. आणि त्यांतल्या चौघी सतरंज्या गोळा करावयाच्या म्हणून थांबलेल्या.

बाहेर पडताना आपल्या मंडळाच्या एक ज्येष्ठ सभासद, ज्यांना आपण सगळ्याजणी काकू म्हणतो, मला म्हणाल्या, "अगं, आमच्या आजीनं गाणं ऐकलं ते दाराआडून. तुम्हांला समोर बसायला मिळतं, तर तुम्ही उठून जाता!"

काकू रागावून बोलल्या नाहीत, हसतच बोलल्या. पण ते वाक्य माझ्या मनातून जाईना. आपण गाणे ऐकावयास बसतो, तिकीट काढतो, पुढच्या रांगेत जागा धरतो, यात आज कोणाला नवल वाटत नाही. ही साधी गोष्ट बाईच्या वाट्याला केव्हा आली आणि कोणाच्या कष्टांनी आली? मी काही संगीताची जाणकार नव्हे. वाचून आणि वडीलधाऱ्यांना विचारून जे हाती आले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने भगिनींपुढे ठेवीत आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. बायकांना पूर्वी गाणे नव्हतेच, असे मुळीच नाही. उलट त्यांचा दिवसच गाण्याने सुरू होई. पहाटे जात्यावर बसले की ओवी, मूल झोपवायचे तर पाळणा, श्रावणात मंगळागौर, आश्विनात भोंडला. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखाच्या वर भरल्या. हे धन केवढे मोठे आहे, याची त्यावरून कल्पना यावी. पण या गाण्यांत एक विशेष आहे. तेथे गाणारी एकीकडे आणि ऐकणारी दुसरीकडे असा भेद नाही. गाणारीचे हात कामात आहेत, समोर बसून ऐकणारे कोणी नाही; ओवी ऐकायला असलीच तर जात्याचा दुसरा खुंटा धरणारी जाऊ किंवा नणंद. हे गाणे कष्ट हलके करण्यासाठी होते. हातातले काम खाली ठेवून दुसऱ्याचे गाणे निवांत ऐकणे, हे सुख निराळे. आणि ते बाईला फार उशिरा मिळाले.

त्यातल्या त्यात एक जागा होती ती देवळाची. कीर्तनाला बायका जात. एका बाजूला बसत, पण उघडपणे बसत. चांगला हरदास अभंग, पदे, साक्या, दिंड्या गाताना रागदारीचा हात फिरवीत असे. रागाचे नाव न कळता भूप, यमन, काफी यांचे स्वर कितीतरी बायकांच्या कानांवर पडले ते तेथेच. शिवाय देवाच्या नावाने जावयाचे असल्यामुळे घरी कोणाची हरकत नसे. संगीत ऐकण्याचे पहिले शिक्षण आपल्या पणज्यांना कीर्तनाने दिले, असे म्हटल्यास चूक होणार नाही.

मैफल मात्र पुरुषांची. सरदार, सावकार, वकील यांच्या दिवाणखान्यात बैठक भरे. गवई किंवा गाणारीण येई. अत्तर-गुलाब, पानसुपारी होई. घरच्या बायकांना त्या दिवाणखान्यात पाऊल टाकता येत नसे. लग्न-मुंजीच्या निमित्ताने घरात गाणे झाले तर माजघराच्या दाराआड, चिकाच्या पडद्यामागे उभे राहून जे कानावर येईल तेवढेच त्यांचे. काकूंची आजी अशीच उभी राहात असली पाहिजे. हातात बहुधा पानांचे तबक, आणि एक कान आतल्या चुलीकडे.

येथे आपण आणखी एका बाईची आठवण ठेवली पाहिजे. त्याच दिवाणखान्यात, दिव्यांच्या उजेडात, बसून गाणारी. गोव्यातील आणि महाराष्ट्रातील कलावंत घराण्यांतल्या स्त्रियांनी रागदारी, ठुमरी, टप्पा ही विद्या पिढ्यान् पिढ्या जपली. उस्तादांच्या घरी वर्षानुवर्षे तालीम घेतली, मोठाल्या गुरुदक्षिणा दिल्या. अंजनीबाई मालपेकर यांच्यासारख्या गायिकेने नजीर खाँसाहेबांची विद्या आत्मसात केली. पुढे १९५८ साली संगीत नाटक अकादमीने आपले सर्वोच्च सदस्यत्व ज्या पहिल्या स्त्रीला दिले, ती अंजनीबाई होय. पण त्या काळी समाजाचा व्यवहार असा की, या बायकांचे गाणे डोक्यावर घ्यावयाचे आणि त्यांना घराच्या उंबऱ्याशी ठेवावयाचे. दाराच्या आत उभी असलेली बाई प्रतिष्ठित होती, पण तिला गाणे नव्हते. दाराबाहेर बसलेल्या बाईपाशी गाणे होते, पण तिला प्रतिष्ठा नव्हती. मध्ये फक्त एक पडदा होता; तो दूर व्हावयास निदान पन्नास वर्षे लागली.

पडदा पहिल्याने हलला तो नाटकगृहात. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतला'चा पहिला प्रयोग झाला. दोन वर्षांनी 'सौभद्र' आले. या नाटकांच्या कथा पुराणांतल्या, ओळखीच्या, पदे सोज्वळ. त्यामुळे हळूहळू घरच्या बायकांनाही नाटकाला नेऊ लागले. त्यांची बसण्याची सोय वेगळी असे. रंगभूमीवर मात्र एकही स्त्री नसे. शकुंतला पुरुष, सुभद्रा पुरुष. बाई बघायला आली, पण बाईचे दुःख आणि बाईचा शृंगार तिने पुरुषाच्या गळ्यातून ऐकला.

त्या गळ्यांत सर्वांत लाडका गळा बालगंधर्वांचा. नारायण श्रीपाद राजहंस हे १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले आणि १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. 'मानापमाना'तली भामिनी, 'स्वयंवरा'तली रुक्मिणी, 'एकच प्याल्या'तली सिंधू या त्यांच्या भूमिकांनी महाराष्ट्राला वेड लावले. त्यांची लुगडी, त्यांचे दागिने, केसांत गजरा माळण्याची त्यांची रीत यांचे अनुकरण घरोघरच्या बायका करीत. १२ मार्च १९११ रोजी 'मानापमाना'चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांचे लहान मूल गेले, तरी प्रेक्षकांचा विरस होऊ नये म्हणून ते भामिनी होऊन उभे राहिले. ही हकीकत आपण सर्वांनी ऐकलेली आहे. माझ्या मनात मात्र नेहमी दुसराच विचार येतो. बायकांच्या बाजूला बसून ते पद ऐकणाऱ्यांत अशीच मुले गमावलेल्या किती आया असतील! घरी सासूसमोर ज्यांना मोकळेपणाने रडता येत नसे, त्यांना नाटकगृहाच्या अंधारात रडता येई. गाणे ऐकण्याने बाईला प्रथम काय दिले असेल तर हा अंधारातला मोकळेपणा दिला.

दुसरे असे की, नाटकाने तिला राग शिकवले. 'स्वयंवरा'ला (१९१६) भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या. बुवा स्वतः थोर गवई. त्यांनी यमन, बिहाग, भीमपलास अशा रागांतील बंदिशींवरून पदे बांधली. 'वन्स मोअर'च्या आरोळ्यांमुळे एकेक पद तीन-तीनदा होई आणि दरवेळी त्यातल्या जागा निराळ्या पडत. पद ऐकून घरी आलेली बाई दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना यमन गुणगुणे. त्याला यमन म्हणतात हे तिला ठाऊक नसे. पण तीव्र मध्यम चुकला तर तिचे तिलाच ते खटके. गाणे समजणे याचा पहिला अर्थ हाच. नाव पुढे कळते, कान आधी ओळखतो.

याच सुमारास विष्णु दिगंबर पलुसकरांनी एक मोठी कामगिरी सुरू केली होती. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि १९०८ साली ते मुंबईस आले. संगीत हे दिवाणखान्यातून काढून विद्यालयात आणावयाचे, प्रार्थनेसारखे पवित्र करावयाचे, हा त्यांचा ध्यास. फी ठरलेली, वेळ ठरलेली, पुस्तके छापलेली. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्याघराण्यांतून चिजा मिळवून त्या स्वरलिपीसह प्रसिद्ध केल्या. विद्या पुस्तकात आल्यामुळे आणि शिक्षक सभ्य पोशाखात घरी येऊ लागल्यामुळे मध्यम वर्गातील वडील मुलीला पेटी शिकवावयास तयार झाले. पुढे तर लग्नाच्या मुलीला 'गाणे येते का?' हा प्रश्नच सुरू झाला. अर्थात त्यात एक खोच होती. मुलीने बघावयास आलेल्या मंडळींपुढे एक पद म्हणावयाचे, आणि लग्न झाले की पेटी माळ्यावर. किती पेट्या अशा माळ्यावर गेल्या, त्याची मोजदाद कोणी केलेली नाही.

पडद्याला दुसरा धक्का दिला तो यंत्राने. १९०२ साली कोलकात्यात गौहरजान यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि थोड्याच वर्षांत ग्रामोफोन सुखवस्तू घरांतून आला. मोठ्या गायिकांचा आवाज आता माजघरात पोहोचला. गौहरजान मुद्रिकेच्या शेवटी स्वतःचे नाव सांगत. ज्या बाईला उंबरा ओलांडून आत येता येत नव्हते, तिचे नाव अशा रीतीने घरात ऐकू येऊ लागले. मात्र तबकडी तीन मिनिटांची. जो राग बैठकीत तास-दीड तास चाले, तो तीन मिनिटांत बसवावयाचा. सावकाश बढत करण्यास तेथे वाव नव्हता. गाण्याची चव कळे, पोट भरत नसे. मग २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे रेडिओ केंद्र सुरू झाले आणि स्वातंत्र्यानंतर १९५२ पासून शनिवारी रात्री संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम लागू लागला. आपल्यापैकी साठी-सत्तरी ओलांडलेल्या कितीजणींनी पहिला ख्याल ऐकला तो स्वयंपाकघराच्या फळीवरच्या रेडिओवर! हे उपकार विसरता येणार नाहीत. पण त्याबरोबर एक सवयही लागली. फोडणी करता करता, तांदूळ निवडता निवडता, अर्ध्या कानाने ऐकण्याची.

आता या कथेतील माझ्या मते सर्वांत महत्त्वाच्या बाईंकडे येते. हिराबाई बडोदेकर. जन्म मिरजेचा, १९०५ सालचा. वडील किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब, आई बडोद्याच्या ताराबाई माने. १९२२ च्या सुमारास ताराबाई खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या, त्या पाच मुलांना घेऊन. घरात पैसा नाही, समाजात आधार नाही. होती ती मुलांच्या गळ्यातली विद्या. हिराबाईंची तालीम मुख्यत्वे अब्दुल वहीद खाँसाहेबांकडे झाली. भाऊ सुरेशबाबूही मोठे गुणी. १९२१ च्या सुमारास विष्णु दिगंबरांच्या संस्थेच्या परिषदेत सोळा वर्षांच्या हिराबाई गायल्या, आणि मग घराचा भार त्यांच्यावर आला.

हिराबाईंनी जे केले ते आज ऐकताना साधे वाटते. त्यांनी जाहीर जागी, तिकीट लावून गाणे केले. असे जलसे करणाऱ्या पहिल्या गायिकांत त्यांची गणना होते. साधे पातळ, खांद्यांवरून नीट घेतलेला पदर, हातवारे नाहीत, हावभाव नाहीत. मांडी घालून बसावयाचे, तंबोरे जुळवून घ्यावयाचे, शांतपणे स्वर लावावयाचा आणि ख्याल गावयाचा. गायिकेने पुरुषांकडे बघून हसावे, भाव बतावावेत, ही जी अपेक्षा होती ती त्यांनी न भांडता, न बोलता, केवळ आपल्या बसण्याने मोडून काढली. श्रोत्यांना त्यांच्याकडे बघण्यासारखे काही उरले नाही. ऐकण्यासारखे मात्र पुष्कळ होते. पुढे ताराबाईंनी पुण्यात नूतन संगीत विद्यालय काढले आणि त्याच्या नाट्यशाखेतून हिराबाई व त्यांच्या बहिणी रंगभूमीवर स्त्रियांच्या भूमिका करू लागल्या. १ जुलै १९३३ रोजी मुंबईत 'नाट्यमन्वंतर' संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक आणले. त्यात ज्योत्स्नाबाई भोळे गायल्या. बाईचे गाणे बाईच्या गळ्यात आले. 'शाकुंतला'पासून मोजले तर त्याला त्रेपन्न वर्षे लागली.

हिराबाईंच्या तिकिटाचा दुसरा अर्थ मला अधिक मोलाचा वाटतो. दिवाणखान्यातली बैठक आमंत्रणाची असते आणि आमंत्रण पुरुषांना जाते. तिकीट मात्र ज्याच्या हातात पैसा त्याला मिळते. ते बाई-पुरुष बघत नाही. गाणारी बाई आपल्यासारखीच घरंदाज दिसते, कार्यक्रम नाट्यगृहात आहे, वेळ जाहीर झालेली आहे, असे झाल्यावर मग घरून 'नको' म्हणावयास कारण उरले नाही. व्यासपीठावर बाई सन्मानाने बसली, म्हणून समोर बाई सन्मानाने बसू शकली. दाराआतल्या आणि दाराबाहेरच्या अशा दोघींची सुटका एकाच वेळी झाली. हिराबाईंना १९७० साली पद्मभूषण मिळाले, १९८९ साली त्या गेल्या. त्यांच्या शिष्या प्रभाताई अत्रे २०२४ च्या जानेवारीत गेल्या, तोपर्यंत ही परंपरा आपण डोळ्यांनी पाहात होतो.

गोव्याच्या दोघींचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर, दोघीही अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. मोगूबाई लहानपणी नाटक मंडळ्यांतून हिंडल्या. आई लवकर गेली. सांगलीस असताना त्यांचा रियाझ खाँसाहेबांच्या कानावर पडला आणि ते आपण होऊन शिकवावयास आले, अशी हकीकत सांगतात. पुढे वैधव्य आले, पदरी लहान मुले. तरी विद्या सोडली नाही. आईच्या मागे तंबोऱ्यावर बसून प्रवास करणाऱ्या त्यांच्या मुलीने, म्हणजे किशोरीताई आमोणकरांनी, आईला मिळणारी वागणूक जवळून पाहिली. मोठेपणी किशोरीताई श्रोत्यांच्या बाबतीत फार कडक होत्या. गाणे चालू असता कोणी बोलले, मध्येच उठले, तर त्या थांबत आणि स्पष्ट शब्दांत सुनावत. पुष्कळांनी त्यांना तऱ्हेवाईक म्हटले. परंतु त्यांच्या आईने काय काय सोसले हे लक्षात घेतले, म्हणजे त्या रागाचा अर्थ कळतो. गाणे म्हणजे जेवणानंतरची करमणूक नव्हे, हे त्या आईच्या वतीनेही सांगत होत्या.

केसरबाईंची तऱ्हा याहून निराळी. आपले गाणे वाटेल तेथे, वाटेल त्याने ऐकावे हे त्यांना रुचत नसे. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीतही त्या फार जपून असत. आणि दैवाची गंमत पाहा. १९७७ साली अमेरिकेने 'व्हॉयेजर' नावाची दोन याने अवकाशात सोडली. त्यांवर पृथ्वीवरचे निवडक संगीत भरलेली सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी ठेवली. त्यात भारताचे म्हणून एकच गाणे आहे, ते केसरबाईंची भैरवी, सुमारे साडेतीन मिनिटांची. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात केसरबाई वारल्या. पहिले यान २०१२ साली सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर गेले. म्हणजे एका गोमंतकीय बाईची भैरवी ताऱ्यांच्या मधल्या पोकळीतून चालली आहे. आणि आपल्या सभागृहातली भैरवी ऐकावयास मात्र आपण सतराजणी!

येथे कोणी म्हणेल, भैरवी राहिली तर बिघडले काय? हल्ली खिशातल्या फोनवर वाटेल त्या गायिकेची वाटेल ती भैरवी ऐकता येते. खरे आहे, मीही ऐकते. परंतु समोर बसून ऐकणे आणि यंत्रावर ऐकणे यांत फरक आहे, तो मला जसा उमगला तसा सांगते.

जात्याचाच दाखला घेऊ. खुंटा फिरत फिरत पुन्हा आपल्या छातीशी येतो आणि ओवीचा तुकडाही नेमका तेथेच येऊन टेकतो. ख्यालातली सम अशीच आहे. विलंबित एकतालाच्या बारा मात्रांचे ते सावकाश फिरणारे जाते. गाणारी बाई मध्ये कितीही लांब हिंडून आली, तरी मुखडा घेऊन समेवर येते, आणि त्या क्षणी सभागृहातल्या साऱ्या माना एकदम हलतात. मात्रा मोजाव्या लागत नाहीत. दोन-चार आवर्तने लक्ष देऊन ऐकली की शरीरच सांगते. पण त्यासाठी ती दोन-चार आवर्तने पूर्ण ऐकली पाहिजेत. अर्ध्या कानाला सम सापडत नाही.

दुसरे असे की, समोरचे गाणे आधी तयार असलेले नसते. राग ठरलेला, बंदिश ठरलेली. बाकीचे तेथल्या तेथे घडावयाचे. समोरच्या बाईने डोळे मिटून मान हलविली की गाणारीला बळ येते आणि ती त्याच जागेवर आणखी एक फेरा घेते. समोरच्या रांगा रिकाम्या होऊ लागल्या की तिला ते दिसते. तिची आवर्तने आखूड होतात. गेल्या वर्षी साडेआठनंतर मी हे डोळ्यांनी पाहिले. म्हणून श्रोता हा बैठकीचा पाहुणा नव्हे. तंबोरा, तबला, पेटी यांच्यासारखा तोही साथीदारच असतो. तबकडीला आपल्या उठण्याबसण्याचे काही नसते. माणसाला असते.

आणि भैरवीविषयी. बैठकीचा शेवट भैरवीने करण्याची आपली रीत आहे. चालू असलेले सारे तिच्यापाशी येऊन शांत होते. मधूनच उठून गेलेल्या बाईच्या मनात ऐकलेले गाणे तसेच लोंबकळत राहाते. कीर्तनात आरतीआधी कोणी उठत नाही. का उठत नाही, हे आपल्याला आईने न सांगताही कळले. मग येथेच ती समजूत का लागू नसावी?

पुण्यात १९५३ पासून सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ जो महोत्सव भरतो, त्याला हजारो श्रोते येतात आणि त्यांत बायका कमी नसतात. पूर्वी तेथे रात्र रात्र गाणे चाले. ध्वनिवर्धकाच्या २००० सालच्या नियमांनंतर रात्री दहाची मर्यादा आली, आणि उत्तररात्रीचे राग त्यांच्या वेळेला ऐकू येणे दुर्मीळ झाले. या बंधनाला आपला इलाज नाही. पण जे बंधन कायद्याने घातलेले नाही, यंत्राने घातलेले नाही, केवळ आपल्या मनाने घातलेले आहे, त्याचे काय? घरच्यांनी एक दिवस वरणभाताचा कुकर लावून घेतला तर घर मोडत नाही. यजमानांना औषधाची डबी कोठे आहे हे ठाऊक असते. मी हे कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. गेल्या वर्षीपर्यंत मीही अशा उठणाऱ्यांतलीच होते. त्या दिवशी बसून राहिले ते केवळ काकूंना घरी पोहोचवावयाचे होते म्हणून.

तेव्हा विनंती इतकीच. येत्या वर्धापनदिनी बैठक ठेवण्याचे कार्यकारिणीने ठरविले आहे. ती यंदा सहा वाजता सुरू करावी, म्हणजे भैरवीला उशीर होणार नाही, अशी सूचना मी केली आहे आणि ती मान्य झाली आहे. रागाचे नाव सुरुवातीस फळ्यावर लिहिले जाईल. पण ते कळले नाही तरी बिचकू नये. मुखडा तेवढा लक्षात धरावा आणि तो परत केव्हा येतो याची वाट पाहावी. फोन पिशवीत ठेवावा. घरी आधी सांगून यावे की आज उशीर होईल.

काकू पहिल्या रांगेत असणार आहेत. त्यांच्या शेजारची जागा मी धरली आहे. बाकीच्या जागा भगिनींनी वेळेवर येऊन धराव्यात, आणि भैरवीपर्यंत सोडू नयेत.